हे बरे, की ते बरे?

४ मार्च

काल दुपारी जेवणाच्या टेबलावर माझ्या मेहुण्याने, म्हणजे सौ.च्या धाकट्या भावाने, माझ्या पहिल्या उपचाराचा वृत्तान्त सर्वांना ऐकवला. त्यात चार विधाने होती आणि चारही चुकीची होती. तो त्या वेळी बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. तरीही सर्व काही डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगत होता. म्हणून येथे दुरुस्ती नोंदवून ठेवतो.

पहिले, मला कोणी टेबलाला बांधले नव्हते. मी आपण होऊन उजव्या कुशीवर झोपलो होतो. दुसरे, मी ओरडलो नाही. मी 'अरे' म्हणालो. 'अरे' हे केवलप्रयोगी अव्यय आहे. त्याला ओरडणे म्हणत नाहीत. तिसरे, 'भावोजींना करंट दिला' या वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते, तसे काहीही घडले नाही. केसाएवढ्या बारीक सुया, त्यांना लावलेले चिमटे, चिमट्यांना जोडलेल्या तारा आणि डब्याएवढे एक यंत्र, एवढाच पसारा होता. डॉक्टरबाई यंत्राची कळ हळूहळू फिरवीत म्हणाल्या, "जाणवतंय पण सहन होतंय, असं झालं की सांगा." मी सांगितले. मग कातडीखाली कोणीतरी नखाने टिचक्या माराव्यात, तसे होत राहिले. चौथे, मी तेथून पळून आलो नाही. मी बूट तेथेच विसरलो होतो आणि ते आणण्यासाठी परत गेलो. परत जाणाऱ्या माणसाला पळालेला म्हणता येत नाही.

मेहुण्याला हे सर्व समजावून सांगितले. तो म्हणाला, "भावोजी, तुमच्यापेक्षा माझी गोष्ट चांगली आहे." सगळे हसले. सौ.ही हसली.

६ मार्च

दुखण्याचे वर्णन एकदा नीट लिहून ठेवावे. गेल्या जूनमध्ये मला नागीण झाली. पुरळ महिन्याभरात वाळले, दुखणे राहिले. पाठीच्या कण्यापासून डाव्या बरगड्यांवरून छातीपर्यंत चार बोटे रुंदीचा एक पट्टा आहे. त्यावर सदरा टेकला तरी निखारा फिरवल्यासारखे होते. पंख्याचा वाराही सोसत नाही. घरात आणि दुकानात मी बसतो तेथला पंखा बंद असतो. मज्जातंतूंच्या तज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणे थोडे बोथट होते. परंतु मात्रा वाढवली की मला बसल्या जागी झोप लागते. आमचे दुकान चष्म्यांचे आहे. चष्म्याच्या दुकानात म्हातारा मालकच डोळे मिटून बसलेला बरा दिसत नाही. दुकान आता मुलगा चालवतो. मी सकाळी जाऊन बसतो. शेवटी तज्ज्ञ म्हणाले, गोळ्या चालू ठेवून हा सुयांचा उपचार करून पाहा.

परंतु मी सुयांना होकार दिला तो दुखण्यासाठी नव्हे, स्कूटरसाठी. लग्न झाल्यापासून सौ. माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसते आणि तिचा उजवा हात माझ्या डाव्या बरगडीवरून पुढे येतो. मागच्या दांडीला धरणे तिला कमीपणाचे वाटते. ऑगस्टमध्ये बेकरीच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर सवयीने तिने मला घट्ट धरले आणि माझे दोन्ही हात हँडलवरून सुटले. आम्ही पडलो नाही, हे नशीब. त्या दिवसापासून ती बसने जाते आणि मी स्कूटरवरून. आम्ही एकाच ठिकाणी दोन वाहनांनी जातो. ती आधी पोहोचते आणि तसे बोलून दाखवते.

मुलाला स्कूटर काढून टाकायची आहे. बेकरीवाल्याने ती मागितलीही आहे. बरीच वादावादी होऊन असे ठरले, की मेअखेरपर्यंत थांबायचे. "आईला मागे बसवून, ती नेहमीसारखं धरून, बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या," मुलगा म्हणाला, "तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर चावी द्यायची, बाबा. कबूल?"

मी कबूल केले. माझा शब्द मी फिरवत नाही.

१२ मार्च

उपचारकेंद्राच्या दारावर 'कृपया चप्पल बाहेर काढावे' अशी पाटी आहे. तेथे 'चपला' आणि 'काढाव्यात' हवे, हे मी डॉक्टरबाईंच्या नजरेस आणले. त्यांच्या उपचाराच्या लांबलचक इंग्रजी नावाला 'विद्युत्सूचिचिकित्सा' हा पर्यायही सुचवला. त्या म्हणाल्या, "काका, एवढं बोर्डावर मावणार नाही. आणि मावलं तर पेशंट येणार नाहीत."

बाई तरुण आहेत, पण बोलणे मोजके आहे. कण्याच्या डाव्या अंगाला त्या सुया तिरक्या आणि उथळ टोचतात, काही कोपराखाली, काही गुडघ्याखाली. पायातल्या सुईचा बरगडीशी काय संबंध, असे मी विचारले.

"आग विझलीय, पण धोक्याची घंटा वाजतच राहिलीय, असं समजा," त्या म्हणाल्या. "तुमची नस अजून मेंदूला सांगतेय, जळतंय, जळतंय. आपण दुसरीकडून संथ ठोके पाठवतो, मग जलद, मग पुन्हा संथ. त्यानं शरीर स्वतःचीच दुखणं मंदावणारी द्रव्यं सोडतं, असं मानतात. नस दुरुस्त होत नाही त्यानं. घंटा जरा हळू वाजते."

"म्हणजे मी बरा होईन?"

"कदाचित आराम पडेल. काहींना पडतो, काहींना नाही. अभ्यास झालेत, पण सगळे एका सुरात बोलत नाहीत. आणि गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत."

'कदाचित' आणि 'असं मानतात' हे शब्द योग्य जागी वापरणारी व्यक्ती मला बऱ्याच दिवसांनी भेटली. या बाईंवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

प्रत्येक वेळी त्या विचारतात, "दुखणं दहापैकी किती?" मी सात सांगतो. हा आकडा मी विचारपूर्वक निवडला आहे. आठ म्हटले तर माणूस रडका दिसतो. सहा म्हटले तर आला कशाला, असे वाटते. एकदा दिलेला आकडा सबळ कारणावाचून बदलणे मला पसंत नाही.

२६ मार्च

आज सकाळी दुकानात एका गृहस्थांनी मुलाला अगदी जेरीस आणले. मुलगा भिंगे बदलून विचारतो, "हे बरं, की ते बरं?" आणि ते म्हणतात, "सारखंच." पुन्हा बदलले, पुन्हा "सारखंच." या जातीच्या गिऱ्हाइकांनी मला आयुष्यभर छळले आहे. डोळे आपले, भिंग समोर, आणि सांगता येत नाही म्हणजे काय!

गृहस्थ निघून गेल्यावर मी मुलाला जुनी युक्ती सांगितली. हळूहळू सुधारत नेलेले माणसाला कळत नाही. अशा वेळी भिंग काढून घ्यावे, क्षणभर चौकट रिकामी ठेवावी आणि मग तेच भिंग परत लावावे. हातचे काढून घेतल्यावरच ते होते, हे लक्षात येते.

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला होता. मला वाटले, युक्ती मनात ठसली. तो म्हणाला, "बाबा, पंखा चालू आहे."

"मग? उकडत नाही का तुला?"

"उकडतंय."

"मग असू दे की."

तो भिंगे पुसू लागला. हल्लीच्या मुलांचे लक्ष एका विषयावर टिकत नाही.

संध्याकाळी उपचार. सात.

२ एप्रिल

मेहुणा आज माझ्याबरोबर केंद्रात आला. गुडघ्यासाठी त्यालाही सुया हव्या होत्या. बाईंनी आधी विचारले, हृदयात पेसमेकर वगैरे काही बसवलाय का. त्याला तो बसवलेला आहे. बाई म्हणाल्या, मग तारा जोडायच्या नाहीत, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.

परतताना तो फुगून बसला होता. "माझ्यात आधीच करंट आहे म्हणून मला वगळलं," तो म्हणाला. "भावोजी, हा शिकलेल्या माणसावर अन्याय आहे."

हा विद्युतविभागातून निवृत्त झाला आहे, त्यामुळे त्याचे दुःख मी समजू शकतो.

९ एप्रिल

सौ.ने आज खादीचा खळीचा सदरा काढून ठेवला होता. कित्येक महिन्यांत तो कपाटाबाहेर आलेला नव्हता. गळ्याचे बटण तेवढे नीट असल्यामुळे मी तोच घातला. दुपारी वाचता वाचता डोळा लागला. उठलो तर गालावर उशीच्या शिवणीची खूण उमटली होती. सौ. समोर बसून माझ्याकडे पाहत होती.

"कोणत्या गालावर आहे बघा," ती म्हणाली.

मी आरशात पाहिले. डाव्या. "उशीचा अभ्रा बदलायला हवा," मी म्हणालो. "शिवण फार जाड आहे."

ती कपाळाला हात लावून आत गेली. ती दुखण्याबद्दल काही विचारते का, याची मी वाट पाहिली. मग तीच दारातून म्हणाली, "आणि आज बाईंना किती सांगणार?"

"सातच. सारखंच आहे."

"आयुष्यभर ज्या लोकांच्या नावानं घरी येऊन बोटं मोडलीत ना, अगदी त्यांच्यासारखं बोलताय."

या वाक्याचा संदर्भ मला लागला नाही. तिचा राग कशाचा आहे, हे विचारण्याचे मी टाळले. विचारले की वाढतो, असा अनुभव आहे.

१६ एप्रिल

आज बाईंनी उपचार थांबवला. त्या म्हणाल्या, "काका, एवढ्या बैठका झाल्या आणि तुमचा आकडा जागचा हलत नाही. उगाच सुया टोचत राहणं मला बरोबर वाटत नाही. तुमच्या अंगाला हे मानवत नाही, असं समजू या."

त्यांच्या सचोटीचे मी कौतुक केले. नाही म्हणायला थोडे वाईट वाटले. टिचक्यांची सवय झाली होती. निघताना पाटीकडे पाहिले. आता तेथे 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' असे लिहिले आहे. हे दीड महिन्याचे फळ म्हणावयाचे.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. पण त्यांनी मला विचारायला हवं होतं."

"तुला काय विचारणार? दुखणे माझे."

"तेच तर," ती म्हणाली.

२४ एप्रिल

विशेष काही नाही. बेकरीवाला येऊन स्कूटर पाहून गेला. त्याने आरसा हलवून पाहिला. मी त्याला आरसा हलवू नकोस, असे म्हणालो नाही.

४ मे

चार-पाच दिवसांपासून पट्टा पुन्हा पेटला आहे. आज सकाळी खळीचा सदरा चढवला आणि बाही अर्धी गेली असतानाच काढून टाकला. दुकानात गेल्यावर मुलाला म्हणालो, "पंखा बंद कर."

तो म्हणाला, "म्हणजे परत सुरू झालं."

"परत म्हणजे? थांबले कधी होते?"

"बाबा, दीड महिना तुम्ही पंख्याखाली बसताय."

मी त्याला अतिशयोक्ती करू नकोस, असे म्हणणार होतो. तेवढ्यात एक बाई नंबर तपासण्यासाठी आल्या. मुलाने चौकटीत भिंग घातले, विचारले. त्या "सारखंच" म्हणाल्या. त्याने माझी युक्ती वापरली. भिंग काढून घेतले. बाई लगेच म्हणाल्या, "अहो, काढलंत कशाला? चांगलं दिसत होतं की!"

मी खुर्चीतच बसून राहिलो. सदऱ्याची अर्धी बाही, अभ्र्याची शिवण, पंखा, सौ.चे ते वाक्य, सगळे एकदम समोर आले. माझे भिंग काढून घेतले गेले आहे आणि ते होते, हे मला आज कळते आहे. मी मार्चपासून सात म्हणतो आहे. आजचे दुखणे जर सात असेल, आणि ते आहे, तर एप्रिलमधले दुखणे सात असणे शक्य नाही. ते फार तर चार होते.

ज्यांना मी आयुष्यभर बिनडोक म्हटले, त्यांच्या बाकावर मी दोन महिने बसलो होतो. मुलगा हसला नाही. गिऱ्हाइकाला हसायचे नाही, एवढे त्याने माझे ऐकले आहे, हे बरे झाले.

७ मे

बाईंकडे जाऊन सर्व सांगितले. पंखा, सदरा, गाल. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "काका! मी तुम्हाला दुखणं किती, एवढंच विचारत बसले. काय काय जमतं आता, हे विचारायला हवं होतं. माझंही चुकलं."

मग त्या नेहमीप्रमाणे सावध झाल्या. "पण हे सुयांमुळेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही हं. असं दुखणं आपोआपही कमीजास्त होतं. उमेदीनंही आराम पडतो. एका माणसावरून ठरवता येत नाही."

"एका डोळ्यावरून दोन्ही डोळ्यांचा नंबर देता येत नाही, तसेच," मी म्हणालो.

"बरोबर. पण परत लावून बघायला काय हरकत आहे?"

मी उजव्या कुशीवर झोपलो. टिचक्या सुरू झाल्या. 'अरे' म्हणालो, या वेळी निराळ्या अर्थाने.

आकडा मागितल्यावर प्रथमच विचार करून उत्तर दिले. सात. आजचा सात खरा आहे.

२१ मे

पाच. परवा सहा होता. पंखा एकावर. आता मी सौ.लाही विचारून मगच आकडा सांगतो. ती आतापर्यंत प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा एकाने कमी सांगत आली आहे.

मेअखेर जवळ आली आहे. हाताचा प्रयोग अजून केलेला नाही. सौ.ने विचारले नाही, मीही विषय काढला नाही. कापड टेकणे निराळे आणि हाताने धरणे निराळे. हातात वजन असते.

२८ मे

बेकरीवाल्याने निरोप पाठवला, की त्याला आता स्कूटर नको. कारण सांगितले नाही. सौ. आठवडाभर रोज पाव आणण्यासाठी स्वतः तिकडे जात होती; तिला विचारले, तो काही बोलला का. ती म्हणाली, "मला काय माहीत? मी पाव आणायला जाते."

घरात इतका पाव साठला आहे, की मुलगा दोन्ही वेळा तोच खातो. असो. योगायोगाने एक अडचण दूर झाली, तरी मी दिलेला शब्द उरतोच. रविवारी जायचे.

३१ मे

सकाळी ऊन चढण्यापूर्वी स्कूटर बाहेर काढली. मुलगा फाटकाशी उभा राहिला. माझ्या अंगात खळीचा सदरा होता. सौ. मागे बसली आणि तिने हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"निघू?" मी विचारले.

"थांबा." तिने हात खांद्यावरून काढला आणि डाव्या बरगडीवर ठेवला, पाखरू बसावे इतका हलका. मग पुन्हा खांद्यावर नेला आणि परत बरगडीवर आणला. "हे बरं, की ते बरं?"

फाटकाशी मुलगा खोकला. तो खोकला नव्हता.

लग्नानंतरची कित्येक वर्षे ही दुकानाच्या गल्ल्यावर बसत असे. आमच्या धंद्यातले एकही वाक्य तिच्या कानांतून सुटलेले नाही. मी म्हणालो, "पुन्हा एकदा दाखव."

तिने पुन्हा दाखवले. खांदा. बरगडी. "घाई नाही. नीट बघून सांगा."

बरगडीवर ऊब होती, आणि उबेच्या खाली एक बारीक जळजळ. दोन. फार तर तीन. तोंडातून निघाले, "सारखंच."

"मग मी आपली माझ्या जागेवर ठेवते," ती म्हणाली.

निघालो. कोपऱ्यावरचा गतिरोधक आला, तसा तिने हात आवळला. कपड्यावरून गरम पेला टेकावा, तेवढे झाले. हँडल माझ्या दोन्ही हातांत होते. तिने हात काढला नाही आणि मी काढ म्हणालो नाही. बेकरीवाला फळीवर कोपरे टेकून पाहत होता, तो सौ.कडे पाहून हसला आणि तिने मान हलवली. या दोघांची ओळख एवढी कधी वाढली, कळत नाही.

३ जून

काल मेहुण्याने सर्व हकिकत पुन्हा पाहुण्यांना सांगितली. त्याच्या सांगण्याप्रमाणे मला फेब्रुवारीत सुया टोचल्या, तीन बैठकांत मी ठणठणीत झालो, आणि गेल्या महिन्यात सौ.ला मागे बसवून मी पुलापलीकडे जाऊन आलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्यासमोर काही बोललो नाही, सौ.ने टेबलाखालून पाय दाबला होता. म्हणून येथे शुद्धिपत्र जोडतो. त्यात मेहुण्याच्या चुकांबरोबर माझ्याही आहेत.

१ मार्च: पहिला उपचार या दिवशी झाला, फेब्रुवारीत नव्हे.

२६ मार्च: मी सांगितलेल्या 'सात'च्या जागी 'पाच' वाचावे.

९ एप्रिल: 'सात'च्या जागी 'चार' वाचावे. उशीच्या अभ्र्यासंबंधीचे वाक्य गाळावे.

१६ एप्रिल: 'अंगाला मानवत नाही' हे बाईंचे विधान माझ्या चुकीच्या माहितीवर आधारलेले होते. त्यांचा दोष नाही.

४ मे: दुखणे परतले, हे खरे. 'ठणठणीत' हा शब्द आजही लागू नाही. बैठका चालू आहेत, गोळ्याही चालू आहेत.

३१ मे: आम्ही पुलापलीकडे गेलो नाही. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. परतीच्या वाटेवरही हात तेथेच होता.

त्याच दिवशी: सौ.च्या प्रश्नाला मी 'सारखंच' असे उत्तर दिले. त्या जागी 'हे बरं' असे वाचावे.